पुढचं घर विचारणारा भाडेकरू

आमच्या पुढच्या खोलीत जो माणूस अकरा महिने राहिला, त्याच्यावर मी एक दिवसही पुरता विश्वास ठेवला नाही. हे मी कोणाला बोललेले नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून वहीत लिहिते.

तो भर उन्हाळ्यात आला. वणी-राजूरकडचा उन्हाळा, दुपारी कुत्रीही नालीत जाऊन बसतात, आणि याच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी. सामानात एक गादी, एक लॅपटॉप, एक लहान गॅसची शेगडी आणि झाकणाचे तीन स्टीलचे डबे. डबे मी उचलून पाहिले, तिन्ही रिकामे. रिकामे डबे बसमधून कोण वाहून आणतं? मी शेजारच्या कांताला सांगितलं. कांता म्हणाली, आपल्याकडचं काही भरून न्यायला आणले असतील.

तो स्वतःला फुलसावंगीचा म्हणायचा. पुण्यात बरीच वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं, आता घरूनच करतो, म्हणाला. मग फुलसावंगीचं घर सोडून खाणीच्या धुळीत घर कशाला शोधलं, याचं उत्तर तो देत नसे. विचारलं की म्हणायचा, "इथं बरं वाटतं." आमच्या वस्तीत सकाळी वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी राखाडी होतो. दुपारी खाणीत स्फोट झाला की फळीवरची गंज-पातेली वाजतात. इथं बरं वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

संशयाला कारण होतं. खाण पुढे सरकत होती आणि आमची वस्ती तिच्या वाटेत होती. सगळ्यांना उठवून दुसरीकडे प्लॉट देणार, असं ठरलं होतं. त्याआधी एक माणूस पाण्याचे फिल्टर विकायला म्हणून घरोघर हिंडला, बायकांशी गोड बोलला, घरात किती माणसं, कागद कोणाच्या नावावर, सगळं विचारून गेला. महिन्याभराने तोच खाणकंपनीच्या जीपमध्ये बसलेला दिसला. तेव्हापासून वस्तीत कोणी साधी वेळ विचारली तरी आम्ही आधी त्याच्या हातात कागद आहे का ते पाहायचो.

आणि या भाडेकरूने आल्या दिवशी मला काय विचारावं? "मावशी, या घरात चुली किती?"

मी दाराआडून एक म्हणून सांगितलं आणि कडी लावली.

त्याच्या सवयी विचित्र होत्या. तुरीच्या शेंगा उकडून डब्यात भरायचा, झाकण लावायचा. मग झाकण उघडून एक शेंग काढायची, झाकण लावायचं, खायची, पुन्हा उघडायचं. मी दोन-तीन दिवस पाहिलं आणि न राहवून म्हटलं, ताटात ओतून घ्या ना. तो म्हणाला, "आत किती आहेत ते मला कळायला नको. मी फक्त पुढची मागायची. नसली तर नाही म्हणायचं काम डब्याचं." वेडा म्हणावं तर पहाटे उठून स्वतःची खोली स्वतः झाडायचा, कपडे घडी करून ठेवायचा.

रिकाम्या संडासाचं दारही तो वाजवायचा. वाजवून थांबायचा. कोणाला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत असाच समोर पाहत थांबायचा, आणि ते थांबणं मला फार जड जायचं. दुकानात जाऊन म्हणायचा, "पुढचा बिस्किटचा पुडा द्या." दुकानदार म्हणायचा, "सर, पयला कुठी देल्ला होता?" सगळे हसायचे. हा हसायचा नाही, पुड्याची वाट पाहत उभा राहायचा. कांताने तर त्याला भिंतीशी बोलताना ऐकलं होतं. भिंत म्हणजे माझी आणि त्याची मधली भिंत. तेव्हापासून मी त्या भिंतीपाशी झोपणं सोडलं.

एक वाक्य त्याच्या तोंडात सारखं असायचं. वस्तूला विचारावं, वस्तूच्या पोटात हात घालू नये. माझ्या मुलीला मुकुटबनला द्यायची पिशवी एकदा मी त्याच्यासमोर उपडी करून पुन्हा भरत होते, तेव्हाही त्याने हेच म्हटलं. मला वाटलं, हा दुसऱ्यांच्या वस्तूंबद्दल इतका विचार का करतो?

कंपनीने आमची यादी केली ती दारं मोजून. एक दार, एक नाव. पण आमच्याकडे एका दाराआड दोन-दोन चुली. धाकटा भाऊ वेगळा झाला की आतल्या खोलीत वेगळी चूल मांडतो, दार नवीन पाडत नाही. असे बरेच जण सुटले. आणि दार ज्याच्या नावावर तो वारला असेल तर त्या घराचं नावच नाही. माझं तसंच झालं. आमचे मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. यादीत नाव नाही म्हणजे प्लॉट नाही, आणि प्लॉट नाही म्हणजे मुकुटबनला जावयाच्या घरी कोपऱ्यात राहायचं. जावई चांगला आहे. पण त्याच्या आईच्या हातचा चहा प्यायला मला तिची परवानगी लागते, हे मी चार दिवसांच्या मुक्कामात पाहिलेलं होतं.

मग वस्तीने समिती केली. दादारावभाऊ अध्यक्ष. त्यांनी ठरवलं, आपली यादी आपण करायची, चुलीप्रमाणे, आणि सोमवारी सकाळी दहाला वणीला कचेरीत नेऊन द्यायची. नंतर कोणाचंही नाव घेणार नाहीत, असं तिकडून सांगितलेलं होतं. यादी करायला लॅपटॉपवाला एकच माणूस होता. त्याने हो म्हटलं आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. फुकट काम करणाऱ्याला दुसरीकडून काहीतरी मिळत असतं, असं कांता म्हणाली, आणि मलाही तसंच वाटलं.

त्याच्या कामावर लक्ष ठेवायचं म्हणून मी चहा घेऊन जायची आणि उंबऱ्याशी थांबायची. मला विचारायची लाज, पण त्याला सांगायची हौस. तो म्हणाला, कॉम्प्युटरला साधी यादी दिली की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत आपोआप फिरतो, ते त्याला येतंच. पण साध्या यादीत एका दाराआड दोन चुली बसत नाहीत. म्हणून त्याने स्वतःची एक नवीनच वस्तू बनवली होती आणि तिला नाव दिलं होतं वस्ती. वस्तीत गल्ल्या, गल्लीत दारं, दाराआड चुली. आता कॉम्प्युटरला या वस्तीत फीर म्हटलं तर तो अडतो. म्हणतो, ही तुझी वस्तू, हिच्यात कुठून शिरायचं, एका चुलीवरून पुढच्या चुलीवर कसं जायचं आणि कुठं थांबायचं, ते तूच सांग.

"मग सांगितलं का?" मी विचारलं.

"शिरणं सांगितलं. पुढचं घर सांगितलं. थांबणं राहिलंय."

ते थांबणं राहिलं होतं हे दुसऱ्याच दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी तो बाहेर गेला होता. पंखा चालू म्हणून मी आत डोकावले, तर पडद्यावर आमच्या वस्तीतली नावं खालून वर पळत होती. शेवटचं नाव येऊन गेलं की तेच शेवटचं नाव पुन्हा यायचं, पुन्हा यायचं. थांबतच नव्हतं. लॅपटॉपला हात लावला तर तव्यासारखा गरम. मी कांताला बोलावून आणलं. कांता म्हणाली, "नावं पाठवून राह्यला वो कुठीतरी." आम्ही दोघींनी मिळून भिंतीतलं बटन बंद केलं. तरी नावं पळतच होती, बिनविजेची. कांताने त्याच्यावर टॉवेल टाकला.

तो परत आला, टॉवेल उचलून पाहिला. फक्त म्हणाला, "संपलं हे सांगता आलं पाहिजे. माझ्या वस्तीला अजून येत नाही." संध्याकाळी त्याने ते दुरुस्त केलं. मग नावं शेवटच्या घराशी येऊन थांबली. दादारावभाऊंनी, समितीने, बायकांनी, सगळ्यांनी येऊन पडद्यावर आपापलं नाव पाहिलं. माझंही होतं. मी चहाच्या निमित्ताने तीनदा पाहून आले.

त्यानंतर साक्षीदाराची गोष्ट निघाली. दादारावभाऊ म्हणाले, नुसतं नाव कोणी मानणार नाही, प्रत्येक चुलीच्या कागदावर एका शेजाऱ्याची सही पाहिजे. कोणाची सही यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून ठरलं, उजव्या हाताच्या चुलीची. उजव्या हाताच्या चुलीला तुमचा धूर दिसतो, तुम्ही राहता की नाही तिला माहीत असतं. आमच्या गल्लीत पहिलं घर कांताचं, दुसरं माझं, तिसरं एका म्हाताऱ्या बाबांचं. कांताच्या कागदावर मी सही केली. माझ्या कागदावर बाबांनी अंगठा दिला. बाबांच्या कागदावर चौथ्या घराने. असं वस्तीभर.

सही करताना मी कागद वाचायचा प्रयत्न केला. वरचा मजकूर बारीक अक्षरात होता, आणि मागे लोक उभे होते. मी सही करून उठले. घरी आल्यावर मात्र मन खात राहिलं. आमच्या सासऱ्यांनी असाच एका कागदावर अंगठा दिला होता, साक्षीदार म्हणून, आणि त्यात बांधाकडचं शेत गेलं होतं.

शनिवारी भाडेकरूने सह्यांची तपासणी यादीत घातली. प्रत्येक चुलीचा साक्षीदार खरंच वस्तीतला आहे का, हे कॉम्प्युटर शोधून पाहणार होता. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर छापील यादी विहाराच्या भिंतीला लावली.

मी गर्दीत पुढे जात नाही. बायका सरकल्यावर गेले. कांताचं नाव होतं. त्याखाली म्हाताऱ्या बाबांचं. मधे मी नव्हते. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. कांता, बाबा. तोपर्यंत मागे आवाज वाढले होते. कोणाचा भाऊ नव्हता, कोणाची सासू नव्हती. एक चूल होती, एक नव्हती. अर्धी वस्ती गेली होती.

लोकांनी त्याला विहारासमोर घेरलं. कोणीतरी त्याची टोपी ओढली. टोपीखाली काही नव्हतं, साधे पांढरे होत आलेले केस. दादारावभाऊ विचारत होते, कंपनीकडून कधीपासून आहेस. तो म्हणत होता, वस्तीला विचारलं तेव्हा तिने बरोबर सांगितलं होतं, सगळ्यांनी पाहिलंय. मग छापल्यावर एकदा नजर का नाही टाकली, असं विचारल्यावर म्हणाला, "तिच्या पोटात हात घालायचा नसतो." त्यावर एकाने त्याची कॉलर धरली.

मी भिंतीपाशीच होते. यादीवर माझं बोट अजून होतं. कांता आहे, तिची साक्षीदार मी, मी नाही. बाबा आहेत, त्यांचं साक्षीदार चौथं घर, ते नाही. पाचवं आहे, त्याचं साक्षीदार सहावं, ते नाही. मी पुढच्या गल्लीत गेले. तिथंही तसंच. सासऱ्यांचा अंगठा आठवला. तो बारीक अक्षरातला कागद आमचा हक्क सोडल्याचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मी इतक्या लोकांत कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "सर, यादीत जो जो राह्यला त्याचा साक्षीदार कटला. ज्यानं सही देल्ली त्याचंच नाव गेलं. कागदावर काय लिवलं होतं तुमी?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "पुन्हा सांगा मावशी."

"जो आहे, त्याच्या साक्षीदाराचं नाव नाही. दर वेळी."

तो विहाराच्या पायरीवर खालीच बसला. कॉलर धरणाऱ्यालाही त्याच्यासोबत वाकावं लागलं. मग म्हणाला, "चूक सापडली. मला घरी जाऊ द्या."

जाऊ दिलं, पण एकटं नाही. कांता मेथीची जुडी घेऊन त्याच्या दारात आडवी बसली, की पळून जायचा असेल तर मेथी तुडवून जाईल. दादारावभाऊ ओट्यावर. मी दाराच्या पडद्याआड.

काम करता करता तो सांगत होता, आम्ही विचारलं नव्हतं तरी. त्याने वस्तीलाच लक्षात ठेवायला लावलं होतं की फिरणारा कुठपर्यंत आलाय. फिरणारा एकच होता तोवर चाललं. पण आता दोघं फिरत होते. एक नाव लिहिणारा, दुसरा साक्षीदार शोधणारा. लिहिणारा कांताच्या घरी आला, नाव लिहिलं. मग शोधणारा निघाला आणि पुढच्या घरात मी त्याला सापडले, तो खूश होऊन थांबला. वस्तीने खूण माझ्या घरावर सरकवली. लिहिणारा पुन्हा म्हणाला, पुढचं घर, तर वस्तीने त्याला बाबांचं दार दाखवलं. माझं दार शोधणाऱ्याने वापरून टाकलं होतं.

मी पडद्याआडून म्हटलं, म्हणजे जयंतीच्या पंगतीत भात वाढणारी आणि वरण वाढणारी, दोघींनी मिळून एकच खूण ठेवली. भातवाली एका पानावर वाढते, वरणवाली पुढच्या पानावर, आणि कोणालाच पुरं जेवण नाही.

"तसंच," तो म्हणाला. "पंगतीने लक्षात ठेवायचं नसतं. जी वाढते तिने आपलं आपण ठेवायचं." आता तो तेच करत होता. कोणीही वस्तीत फिरायला आलं की वस्ती त्याला वेगळा फिरणारा देईल, त्याची खूण त्याच्याजवळ.

दादारावभाऊंनी मान हलवली. मला पंगतीचं कळलं, पण पंगतीत वाढणारीने मुद्दाम पान सोडलेलंही मी पाहिलेलं आहे. आपल्या माणसाकडे दोनदा जाते आणि कोपऱ्यातल्या बाईकडे भांडं रिकामं दाखवते. चुकून सुटलं की सोडलं, हे वाढणारीलाच माहीत.

सोमवारी सकाळी तो राजूरहून नवीन यादी छापून आला. कागद अजून गरम होते. पहिली प्रत त्याने मला दिली, वाचा म्हणाला. कांता माझ्या खांद्यावरून पाहत होती. कांता, मी, बाबा, चौथं घर. माझं नाव होतं. मी त्यावर बोट फिरवलं, शाई पुसली जाते का पाहिलं.

कांता कानात म्हणाली, "तुमचं आलं ते ठीक वहिनी. पण यानं सोताचं नाव घुसवलं अशीन. याची चूल नाई का तुमच्या घरात? नीट वाचजा."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेगडी होतीच. रोज तिच्यावर भात व्हायचा, शेंगा उकडायच्या. एका दाराआड दोन चुली, हे तर त्यानेच वस्तीला शिकवलं होतं. म्हणजे एवढ्यासाठी होतं सगळं. मी पुन्हा सुरुवातीपासून निघाले, त्याचं नाव शोधत. माझ्या नावाखाली नव्हतं. आमच्या गल्लीत नव्हतं. दुसरीकडे लपवलं असेल म्हणून मी सगळ्या गल्ल्या पाहिल्या, एक-एक चूल, शेवटच्या घरापर्यंत. कुठेच नव्हतं.

कांताला पटलं नाही. ती दुसरी प्रत घेऊन दादारावभाऊंकडे गेली. मी आणि तो राहिलो. मी पडद्याआड झाले आणि विचारलं, "सर, तुमची चूल काहून नाही लिवली?"

"माझ्या कागदावर सही कोण करेल, मावशी?"

हे त्याने रागाने म्हटलं नाही, टोमणाही नव्हता. विचारलं आणि नेहमीसारखा थांबला. मला पडद्यातून त्याचे हात दिसत होते, कागद धरलेले.

त्याच्या खोलीच्या उजव्या हाताला माझीच खोली. त्याचा धूर मला रोज दिसायचा. वणीला निघायला अजून अर्धा तास होता, आणि माझी सही हळू असली तरी तिला अर्धा तास लागत नाही. पण आधी एक सही केली होती आणि कालच माझं नाव गेलं होतं. आता ते आलं होतं. त्याने दुरुस्त केलं, असं तोच म्हणत होता.

मी उंबऱ्यावरचा रिकामा कप उचलला आणि आत जाऊन विसळत बसले. बाहेर दादारावभाऊंची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत विसळत होते.